झाकणाच्या आतली सही

अर्जवाल्या बाईंनी बटण दाबलं. मॉनिटर उजळला आणि त्या ‘बघा’ म्हणेपर्यंत काळाठिक्कर पडला.

“दोनच सेकंद,” बाई म्हणाल्या. “आठ दिवस असंच चाललंय. बटण दाबायचं, एक ओळ वाचायची, अंधारातच टाइप करायची, की परत बटण. काल एका आजोबांचं वय एकशे पासष्ट पडलं अर्जात. आजोबा हसले, पण खिडकीतला कारकून काही हसला नाही.”

बाई सरकारी कचेरीच्या व्हरांड्यात टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहून देत. मॉनिटर बिघडला की तो चादरीत गुंडाळून टीव्हीवाल्यांकडे आणायचा, हा त्यांचा जुना शिरस्ता. टीव्हीवाल्यांकडे टीव्ही येणं बंद होऊन कितीतरी वर्षं झाली होती, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. घराच्या पुढच्या खोलीत खिडकीपाशी त्यांचं टेबल होतं, आणि त्याच खोलीत भिंतीला टेकून त्यांची बायको एका शिंप्याच्या कोटांना हाताने काजं करत बसायची.

टीव्हीवाल्यांनी खोलीतली ट्यूब बंद केली. टॉर्च पेटवून पडद्याच्या अगदी जवळ तिरका धरला. काळ्या काचेत अर्जाच्या ओळी पुसट दिसत होत्या. चित्र शाबूत होतं, फक्त त्याच्या मागचा दिवा टिकत नव्हता. ही परीक्षा त्यांनी आयुष्यात हजारदा तरी घेतली असेल, आणि दर वेळी मागे वळून ते एकच वाक्य बोलत, “घाबरू नका, चित्र आहे.”

आज ते वाक्य आलं नाही. टॉर्च डाव्या हातात होता. उजवा त्यांनी पँटच्या खिशात कोंबला होता.

“पॅनेल गेलंय, बाई,” ते म्हणाले. “यात आता काही राम नाही. नवा घ्या.”

मागे भिंतीपाशी सुई थांबली.

“नवा माझ्या जुन्या कॉम्प्युटरला लागत नाही म्हणे,” बाई म्हणाल्या. “म्हणजे सगळंच बदलायचं.” त्यांनी चादरीची घडी घातली, ती मोडली, पुन्हा घातली. “लेक कधीची मागे लागलीय, आई, पुरे कर आता, घरी बस. बसते मग. दादा, हा राहू द्या तुमच्याकडेच. मी हा बंद पडलेला नेऊन काय करू?”

बाई गेल्या. टीव्हीवाल्यांनी ट्यूब लावली, मग उगाचच खिडकी उघडली.

“चित्र दिसत होतं,” बायको म्हणाली.

“तुला काय कळतंय त्यातलं?”

“तीस वर्षं इथेच बसलेय मी. टॉर्चने चित्र दिसलं की पॅनेल जिवंत. हे तर आपल्या मांजरालासुद्धा कळत असेल.”

“तू आपली काजं कर.”

तिने काजं केली. टीव्हीवाल्यांचा मात्र पाय एका जागी ठरेना. ते कोपऱ्यापर्यंत जाऊन आले. परत आल्यावर चार डब्यांतले स्क्रू एका ताटात ओतले आणि लहान-मोठे निवडायला बसले. निम्म्यात कंटाळून सगळे एकाच डब्यात भरले. मॉनिटरवर जुना टॉवेल टाकला, तरी नजर तिकडेच. गेला महिनाभर ते आल्यागेल्याला ‘पार्ट मिळत नाही हो आता’ म्हणून वाटेला लावत होते, आणि पाठीमागे पार्टांच्या बरण्या छताला टेकल्या होत्या. पण ती निदान साधी थाप होती. ‘पॅनेल गेलंय’ हे त्यांनी जिवंत चित्राकडे बघत म्हटलं होतं, आणि तेही अशा बाईला, जिने त्यांचा शब्द कधी दुसरीकडे जाऊन पडताळला नव्हता.

महिन्यापूर्वी घरचाच रेडिओ दुरुस्त करताना सोल्डरिंग आयर्न हातातून घसरलं आणि आतली सर्किटची पट्टी जळाली. रेडिओ कॉटखाली गेला. तेव्हापासून आयर्न गरम झालं नव्हतं. हात त्याच्याही आधीपासून थरथरत होता. आधी फक्त सकाळी, मग केव्हाही.

दुपारी बायको झालेले कोट शिंप्याकडे द्यायला निघाली. तिची पावलं कोपऱ्यावर वळली न वळली तोच त्यांनी टॉवेल बाजूला केला. नुसतं उघडून बघायला काय जातंय, असं स्वतःलाच सांगत त्यांनी स्क्रू काढले. पेचकस खाचेत बसायला प्रत्येक वेळी दोन-तीनदा चुकला. झाकण निघालं.

झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने लिहिलेल्या तीन तारखा होत्या, प्रत्येकीखाली त्यांची आद्याक्षरं. ही त्यांची पद्धत होती. गिऱ्हाईकाला कधीच न दिसणाऱ्या जागी तारीख आणि सही टाकायची, म्हणजे पुढच्या वेळी उघडणाऱ्याला कळावं की या कामाला जबाबदार कोण. पहिली तारीख सोळा वर्षांपूर्वीची होती. अक्षर मुंगीएवढं आणि पट्टी लावून काढल्यासारखं सरळ. हे आपणच लिहिलंय, हे त्यांना पटायला वेळ लागला.

मग त्यांनी भिंग घेतलं. मागच्या दिव्याला वीज पुरवणाऱ्या पट्टीवर एक चिमुकला ट्रान्सफॉर्मर होता. त्याच्या एका पायाभोवती सोल्डरमध्ये केसाएवढी गोल चीर गेली होती. बस, एवढंच. चिरेमुळे वीज नीट पोहोचत नव्हती, आणि पट्टी आपली शहाणी, दोन सेकंद वाट बघून दिवा बंद करत होती. दुरुस्ती म्हणजे त्या पायावर सोल्डरचा एक थेंब. पूर्वी हे काम ते गप्पा मारता मारता करायचे.

आयर्न तापलं. टीव्हीवाल्यांनी डाव्या हाताने उजवं मनगट आवळून धरलं, श्वास रोखला, आणि टोक पायाजवळ नेलं. टोक पायाच्या या बाजूला गेलं, त्या बाजूला गेलं. थेंब पडला तो दोन पायांच्या मधोमध, दोघांना जोडत. त्यांनी तांब्याच्या जाळीने तो कसाबसा टिपून घेतला. दुसरा थेंबही तिथेच पडला. तोही टिपला. तिसऱ्यांदा तर त्यांना टोक पायापर्यंत नेताच येईना.

“किती वेळ धराल ते मनगट?”

बायको दारात उभी होती. रिकामी पिशवी हातात.

“शिंपी नव्हता?” त्यांनी विचारलं.

“होता. तिथे काय मुक्काम करायचाय मला?” ती आत आली. “कधी सांगणार होतात?”

“काय?”

“अहो, चार महिने मी तुम्हाला कप अर्धाच भरून देते. सांडू नये म्हणून. तुम्ही कुरकुरता, की बायको चहात हात आखडता घेतेय. मला वाटलं, आज सांगतील, उद्या सांगतील.”

टीव्हीवाल्यांना शरमेने मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि त्याच वेळी छातीवरचं काहीतरी उतरलंही. चार महिने ते ज्या हाताला खिशात लपवत होते, त्याची काळजी ती रोज दोनदा घेत होती.

“डॉक्टरकडे जायचं उद्या,” ती म्हणाली. “माझ्याबरोबर. आणि आता सरका.”

“म्हणजे?”

“सरका म्हणजे सरका. एक थेंब टाकायचाय ना?”

या टेबलाला हात लावायचा नाही, धूळसुद्धा पुसायची नाही, हा घरातला पहिला नियम. लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी तो केला होता आणि तिने इमानेइतबारे पाळला होता. टीव्हीवाले खुर्चीतून उठले. उभं राहून काय करायचं, हे त्यांना कळेना.

“वायर काढलीय ना भिंतीतून?” तिने विचारलं.

“केव्हाच. सगळं शांत आहे. आधी पेस्ट लाव. काडीने, थोडीच. हं. आता टोक पायाला टेकव, सोल्डरला नाही. पाय तापू दे. तीन मोज. आता तार लाव.”

“ओरडू नका, शेजारीच आहे मी.”

“तार काढ. आता टोक काढ. हलवू नकोस, हलवू नकोस!”

“हलवतंय कोण?” ती म्हणाली.

थेंब निवला. त्यांनी भिंग लावलं. पायाभोवती चकचकीत, नितळ, गोल. काजाच्या कडेसारखा. त्यात त्यांना एकही खोट सापडली नाही, आणि त्यांनी ती शोधली होती.

फोन त्यांनी स्वतःच केला. “बाई, सकाळी मी चुकीचं बोललो. पॅनेल गेलेलं नाही. या तुम्ही.”

बाई आल्या तेव्हा उन्हं उतरली होती. झाकण लावण्याआधी दहा मिनिटं चालवून दाखवायचं, ही टीव्हीवाल्यांची आणखी एक रीत. ट्यूब बंद केली, बटण दाबलं. एक, दोन. तीन. बाई ओठ हलवत मोजत होत्या. साठाच्या पुढे त्यांनी मोजणं सोडलं आणि पदराने डोळे पुसले.

“मग सकाळी का म्हणालात, दादा? मी लेकीला सांगूनसुद्धा टाकलं की बंद करते.”

थाप तयार होती. ‘एक पार्ट अचानक सापडला’ म्हटलं असतं तरी बाईंनी ते मानलं असतं.

टीव्हीवाल्यांनी उजवा हात खिशातून काढला आणि पडद्याच्या उजेडात धरला. तो थरथरत होता.

“याने होत नाही आता,” ते म्हणाले. “सांगायची लाज वाटली. म्हणून तुमच्या मॉनिटरवर ढकललं. चुकलं माझं.”

बाई हाताकडे बघत राहिल्या. “मग हे केलं कोणी?”

त्यांनी बायकोकडे बोट दाखवलं. ती सुईत दोरा ओवत असल्याचं दाखवत होती.

“अगं, झाकण लावायचंय,” त्यांनी मार्कर पुढे केला. “आधी आतून तारीख घाल. खाली सही.”

“तुमची?”

“माझी कशाला? काम कोणी केलं?”

“एका थेंबाची कसली सही? उगाच काहीतरी,” ती म्हणाली. पण उठली. मार्कर घेऊन तिने आधी पुठ्ठ्यावर दोनदा गिरवून पाहिलं. मग झाकण मांडीवर घेतलं आणि कुठे लिहू म्हणून वर बघितलं.

बाई सवयीने पुढे वाकल्या. दिवसभर लोकांना सहीची जागा दाखवायची त्यांची सवय. तिसऱ्या तारखेच्या खाली त्यांनी बोट टेकवलं. “इथे करा, वहिनी. आणि पूर्ण नाव लिहा. नुसत्या आद्याक्षरांचा अर्ज परत येतो.”

ट्यूब लावायचं कोणाच्याच लक्षात आलं नाही. टीव्हीवाल्यांनी टॉर्च पेटवून झाकणावर धरला, दोन्ही हातांनी. तरीही उजेड तिच्या बोटांवरून सरकत होता. तो बाजूला गेला की ती थांबायची. परत आला की पुढचं अक्षर काढायची.