नारळाच्या पाण्याचं नुसतं नाव झालं

सांगलीतल्या एका दुरुस्तीच्या दुकानातल्या फळीवरून मी बोलतोय. लॅपटॉप आहे मी, आणि चांगला म्हातारा झालोय. डावी बिजागरी सैल, दोनचार बटणं हट्टी, आणि पंखा असा घरघरतो की शेजारी पिठाची गिरणी सुरू झाली असं वाटावं. अंगावर चिठ्ठी चिकटवलीय: 'दीपमाला, शिराळा'. उद्या सकाळी माझं पोट उघडून आतली डिस्क काढतील आणि नवी बसवतील. मी पुन्हा चालेन म्हणे. पण आजवरचं मला काही म्हणजे काही आठवणार नाही. म्हणून आजच बोलून घेतो. एक गोष्ट मनाला डाचतेय, ती सांगितल्याशिवाय कोरं व्हायला मन घेत नाही.

कुठल्या कारखान्यात जन्मलो ते विचारू नका, खोक्यातल्याला काय दिसतं! डोळे उघडले ते फौजी कॅन्टीनच्या काउंटरवर. वीरधवल नावाच्या जवानानं मला घेतलं. सुट्टीवर येताना त्यानं ट्रंकेत कांबळ्याच्या घडीत मला ठेवलं आणि शिराळ्याजवळच्या वस्तीवर आणलं. घरात त्याची आई बनुबाई, बायको दीपमाला आणि लेक सृष्टी. सृष्टी तेव्हा शाळेत होती. आता कॉलेजात कॉम्प्युटर शिकते, आणि माझ्यावर बसायची तिला लाज वाटते. तिची चूक नाही. एक फाइल उघडायला मी इतका वेळ घेतो की तेवढ्यात तिचा चहा करून, पिऊन होतो.

बनुबाईंचं मात्र माझ्यावर भारी प्रेम. वीरधवल दूर बर्फात ड्यूटीवर असतो. रविवारी त्याचा व्हिडिओ कॉल यायचा, तो माझ्यावरच. "मोबाईलात त्येचं त्वांड बोराएवढं दिसतंय, मला न्हाई समजत. ह्यो मोठा लावा," म्हणायच्या. बोलणं संपलं की त्या दोन्ही तळवे माझ्या पडद्यावर, लेकाच्या गालांवरून फिरवायच्या आणि आपल्या कानशिलांवर कडाकड बोटं मोडायच्या. तिकडे वीरधवल हसायचा, "आये, काच पुसायला लागंल दीपमालेला." दीपमाला खरंच दर रविवारी माझ्यावरचे तेलकट ठसे पुसायची. खोटं कशाला सांगू, ते ठसे पुसले जाऊ नयेत असं मला वाटायचं.

गेलं वर्षभर घरात माझ्यावरून धुसफूस चालू होती. सृष्टी म्हणायची, "मम्मी, नवा घेऊया. ह्याच्यात काय राह्यलंय?" दीपमाला म्हणायची, "चालतोय तवर चालू दे की." बनुबाई तर ऐकायलाच तयार नसायच्या. "माझ्या लेकानं आणलेला हाय. डोळं गेलं म्हणून माणसाला टाकत्यात व्हय?"

आणि मग ती खंडेनवमी आली.

आमच्या भागात खंडेनवमीला घरातल्या सगळ्या अवजारांची पूजा असते. आदल्या दिवशी बनुबाई परड्यात बसून कोयते आणि विळे राखेनं घासत होत्या. सृष्टीला सांगितलं होतं, शिलाई मशीन पूस, लॅपटॉप पूस, सोप्यात आणून ठेव. पोरीनं एका हातात मला उचललं, दुसऱ्या हातात मोबाईल, आणि मैत्रिणीशी हसत बोलत निघाली. माझी वायर मशीनच्या पायात अडकली. मी निसटलो आणि उंबऱ्याच्या दगडावर धाडकन आपटलो.

आतून कट्ट असा आवाज आला. तो मीच ऐकला. सृष्टीनं फोन टाकला, मला उचललं, बटण दाबलं. बाजूचा निळा दिवा लागला, पंखा फिरला, पण पडदा काळाठिक्कर. तिनं पुन्हा दाबलं, पुन्हा दाबलं. मग भिंतीला टेकून बसली आणि तोंडावर ओढणी धरली. "आता सगळे म्हणणार मुद्दाम पाडलास," ती पुटपुटली. "नवा पाहिजे म्हणून पाडलास म्हणणार." मला काय वाटलं सांगू? पोर खरं बोलत होती. वर्षभर तिनं नव्याचा धोशा लावलेला, कोण विश्वास ठेवणार होतं?

सकाळी सोप्यात ओळ मांडली. कोयते, विळे, खुरपी, औषध मारायचा पंप, मशीन, दारात मोटारसायकल. सगळ्यांना झेंडूच्या माळा. "आगं, वीरधवलचा आण की! त्यो ऱ्हायला," बनुबाईंनी हाक मारली. सृष्टीनं शेवटची आशा म्हणून बटण दाबलं. निळा दिवा लागला, पडदा काळाच. तिनं झाकण मिटलं आणि मला तसाच, दिवा लागलेला, ओळीत ठेवला. एखाद्या वेळी देवाच्या कृपेनं चालू होईल, असं तिच्या मनात असावं. कॉम्प्युटर शिकणारी पोर, पण घरची पडली ना!

बनुबाईंनी सगळ्यांना हळदकुंकू लावलं. मलाही लावलं, आणि माझ्यापुढे जरा जास्तच वेळ हात जोडले. मग नारळ फोडला आणि त्याचं पाणी हातानं ओळीवर शिंपडलं. माझ्या झाकणावर थेंब पडले, आणि नेमका त्याच क्षणी माझा निळा दिवा विझला.

देवाशपथ, नुसती बॅटरी संपली होती! कितीतरी महिने ती जेमतेम तग धरून होती. पण बघणाऱ्यांनी काय बघितलं? दिवा लागला होता, म्हणजे लॅपटॉप चालू होता. बनुबाईंनी पाणी शिंपडलं आणि दिवा गेला. दीपमाला ओरडलीच, "आवं आत्याबाई, पाणी! मशिनीवर पाणी मारत्यात व्हय?" बनुबाईंच्या हातातली नारळाची कवड खाली पडली. मी त्यांचा चेहरा बघितला आणि माझी मलाच शरम वाटली. सृष्टीनं तोंड उघडलं, मग मिटलं. मीही गप्प. तिला जीभ असून ती गप्प आणि मला जीभच नाही, एवढाच काय तो फरक. जो दिवा विझायचा तो पाव तास आधी विझला असता तर काय बिघडलं असतं?

त्या दिवसापासून त्या माउलीनं हातच आखडून घेतले. सांगायच्या मात्र सगळ्यांना. शेजारची मनुबाई आली, तिला सांगितलं. दूधवाल्याला सांगितलं. "माझ्या हातनं लेकाचा लॅपटॉप गेला बघ." दिवाळीत लक्ष्मीपूजनाला दीपमाला म्हणाली, "या आत्याबाई, कुंकू लावा." तर त्या दाराशीच उभ्या, दोन्ही हात पदराखाली. "तूच लाव. माझ्या हातानं नगं." ओल्याला करंट बसेल म्हणून दीपमालेनं मला चार्जर न लावताच फडताळात टाकलं होतं, तिथून मी हे ऐकत होतो. फडताळाच्या दाराला फट होती, तिच्यातून त्यांचा तो फुगलेला पदर दिसायचा.

रविवारी वीरधवलचा फोन मोबाईलवर यायचा. "आये, बोल की गं. जुनाच हुता त्यो, जाऊ दे. नवा घेऊया."

"नवा नगं. मी बिघडिवलेला हाय, त्योच नीट करा."

"आये, एवढा जीव नको लावून घेऊस."

"बरी हाय मी. तू जपून ऱ्हा," म्हणायच्या आणि उठून जायच्या. बोटं मोडणं नाही की काही नाही. सृष्टी हे सगळं बघत होती. अभ्यासाचं पुस्तक उघडून बसायची आणि पानच उलटायची नाही. आता तिनं नव्याचं नाव काढणंही सोडलं होतं.

शेवटी आज दीपमालेनं ठरवलं की सांगलीला दाखवून तरी आणूया, होत नसेल तर नवा बघूया. बनुबाई हट्टानं एसटीत बसल्या. मी दीपमालेच्या मांडीवर, चार्जर सृष्टीच्या पिशवीत. वाटेत कंडक्टरलाही माझी कहाणी सांगून झाली, नारळाच्या पाण्यासकट. तो बिचारा तिकीट फाडत म्हणाला, "होतंय हो मावशी." त्या म्हणाल्या, "न्हाई रं बाबा, असं हुईत नसतंय."

दुकानातल्या प्रबुद्ध नावाच्या तरुणानं माझे स्क्रू काढले, आत बघितलं, आणि बोट फिरवून म्हणाला, "पाणी कुठं गेलंय? आत सगळं कोरडं हाय. डिस्क फुटल्यासारखी वाटतीय. कधी पडला होता का?"

"न्हाई, पडला न्हाई," बनुबाई पुढे सरकल्या. "माझ्याच हातनं झालं. खंडेनवमीला मी नारळ..."

"आज्जी, थांब." सृष्टी म्हणाली. चार्जरची वायर तिनं बोटाला इतकी करकचून गुंडाळली होती की बोट पांढरं पडलं होतं. "पडला होता. माझ्या हातनं. पूजेच्या आदल्या दिवशी."

दीपमालेनं तिच्याकडे बघितलं. "काय म्हणतीस?"

"तेव्हापासनंच बंद होता. नुसता दिवा लागत होता. मी नवा मागत होते ना, म्हणून वाटलं, मुद्दाम पाडला म्हणाल. मग आज्जीवर आलं आणि मी... मला बोलताच आलं नाही." आणि ती हुंदके द्यायला लागली.

दीपमालेचा हात उठलाच होता. पण बनुबाईंचं तिकडे लक्षच नव्हतं. "म्हंजी," त्यांनी हळूच विचारलं, "माझ्या हातानं न्हाई झालं?"

"नाही गं आज्जी."

त्यांनी पदराखालचे हात बाहेर काढले आणि उलटेसुलटे करून बघितले. मग दुकानातल्या स्टुलावर बसून मोठ्यांदा रडायला लागल्या. गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. "मला वाटलं, माझ्या हातालाच काय तरी झालंय. पूजा कराय जावं आन् इस्कोट व्हावा. पोरगं तिकडं बर्फातनं गाडी चालिवतंय. म्हणून त्येला दिवाळीचा आशीर्वाद बी दिला न्हाई गं मी. भ्याले. माझ्या हातानं त्येला काय झालं तर?"

दीपमालेचा उठलेला हात तसाच खाली आला. सृष्टीनं आजीचे पाय धरले. "मारा मला," म्हणाली. बनुबाईंनी तिच्या पाठीत एक धपाटा घातला, चांगला आवाज आला बरं का, आणि मग तिला पोटाशी धरलं. "येडे, आदी सांगायचं हुतंस की गं."

पण म्हातारीच्या मनातनं शंका अशी लगेच जाते होय? डोळे पुसून त्यांनी प्रबुद्धला विचारलं, "मग दिवा कसा इजला रं? पाणी पडायला आन् दिवा इजायला एकच गाठ?"

"बॅटरी उतरली असंल आजी. लय जुनी हाय ती." त्यानं चार्जर मागून घेतला, माझं पोट मिटलं आणि पिन लावली. माझा निळा दिवा लागला. "बघा. आता लावा हात."

त्या उठल्या. हात पुढे केला, मागे घेतला. मी आयुष्यात कितीदा अडकलो, कितीदा ऐनवेळी दगा दिला, त्याची गणतीच नाही. पण त्या घडीला मी मनात एकच धरलं होतं, आता विझायचं नाही. बनुबाईंनी डोळे मिटून आपला खरबरीत तळवा माझ्या झाकणावर टेकवला. एक डोळा उघडून बघितलं. दिवा तसाच. मग दुसरा हात ठेवला, लेकाच्या गालावरून फिरवल्यासारखा माझ्यावरून फिरवला, आणि दुकानात सगळ्यांच्या देखत कानशिलांवर कडाकड बोटं मोडली.

"नवी डिस्क घातली तर चालंल," प्रबुद्ध म्हणाला. "आतलं जुनं मात्र सगळं जाईल." दीपमालेनं सृष्टीकडे बघितलं. सृष्टी नाक पुसत म्हणाली, "हाच राहू दे." नव्याचा विचार पुढे कधीतरी, असं ठरलं.

त्या तिघी संध्याकाळच्या एसटीनं गेल्या. माझी पिन काढल्यावर दिवा लगेच गेला, पण तेव्हा कुणी घाबरलं नाही.

उद्यापासून मी सगळ्यांना अनोळखी बघेन. रविवारी पडद्यावर कुणी एक जवान येईल, आणि एक म्हातारी माझ्यावर तेलकट हात फिरवेल. ती कोण, कशासाठी, मला ठाऊक नसेल. दीपमाले, एवढं एकच ऐक माझं. पहिल्या रविवारचे ते ठसे लगेच पुसू नकोस.