दोन युद्धनौका आणि मी, वाऱ्याची पखाल

मित्रांनो, मी जे सांगणार आहे त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. नका ठेवू. उत्तर ग्रीनलंडच्या या खाडीत मोठ्या देशांच्या बाता सगळे मुकाट ऐकून घेतात. मग माझीही एक ऐका.

मी एक जुनी पखाल आहे; पाण्याची नव्हे, वाऱ्याची. नादुकने मला सीलच्या अख्ख्या कातड्यातून शिवलं आणि तिचा नवरा उसार्काक याने तोंड लावून फुगवलं. भाल्याची दोरी माझ्या गळ्यात बांधलेली. भाला लागला की देवमासा खोल बुडी मारतो, आणि मी वरून त्याला ओढून धरते, दमवते, मेल्यावर तळाला जाऊ देत नाही. शिकार भाला मारणाऱ्याची. पण जो येऊन तिला हात लावील, त्यालाही वाटा मिळतो. मात्र त्याने ती किनाऱ्यापर्यंत ओढू लागायचं. असा आमचा रिवाज. तेव्हा गावात माझा काय तोरा होता!

मग बर्फ मागे हटलं आणि मोकळ्या पाण्यात युद्धनौका घुसल्या. एक या देशाची, एक त्या देशाची. दोन्ही म्हणतात, आम्ही रक्षण करतो. अरे, कुणाचं? त्यांच्या घरघरीने देवमासे खाडी सोडून पळाले! थंडी तोंडावर आली तरी दगडांखाली साठवायला मांस नाही.

अखेर उसार्काकने एक लांब सुळ्याचा देवमासा गाठला. हिवाळाभराचं मांस, माणसांचं आणि कुत्र्यांचंही! भाला लागला, मी पाण्यावर उडाले, आणि दोन्ही नौका माझ्यावरच धावून आल्या. म्हणे मी हेरगिरीचं यंत्र! मी! दोघांनी आकडे टाकून मला धरलं.

भोंग्यातून आवाज आला, "ए, तू इथे काय करतोस?"

"मी इथे राहतो!" उसार्काक होडीतून ओरडला. "तुम्ही काय करताय, साहेब?"

"ही वस्तू आम्ही जप्त करतोय!"

"आधी आम्ही धरली!" दुसरा भोंगा खेकसला.

"भांडू नका रे बाबांनो," उसार्काक म्हणाला. " दोघांनी हात लावलात ना? दोघांना वाटा. चला, लागा ओढायला!"

मित्रांनो, काय सांगू! आमच्या रिवाजापुढे तोफांनी माना खाली घातल्या. दोन्ही कप्तानांनी दोरीला हात घातला, देवमासा किनाऱ्याला लावला, आणि नादुकच्या हातचा कातडीसकट चरबीचा तुकडा खाऊन बोटं चाटत बसले. म्हणून सांगते, मला असं खुंटीवर सुकवू नका. अधूनमधून चरबी चोळा. मी आहे म्हणून तर या खाडीत—

"पुरे गं तुझं!" शेगडीपाशी बसलेली नादुक कडाडली. "कोणी ओढला नाही. दोरी कापली त्यांनी, आणि तुला पाहून दिलं फेकून. मासा तळाला गेला, आणि त्या हिवाळ्यात उसार्काकने आपल्याच हाताने आपले उपाशी कुत्रे मारले. पोरांना खरं सांग. कापलेलं टोक अजून तुझ्या गळ्यात लोंबतंय."