उलटी धरलेली सही

वकिलांनी सांगितलं होतं, प्रश्न आधीच घोकून घ्या. नाव काय, वय काय, हा कागद कशाचा, कोणी जबरदस्ती केली का. चार दिवस मी बाबांना जेवताना, औषधं देताना, पायमोजे चढवताना तेच विचारत होते.

"हा कागद कशाचा, बाबा?"

"मुखत्यारपत्राचा. माझे पैशाचे व्यवहार माझी मुलगी बघणार."

"कोणी जबरदस्ती केली?"

"तू. चार दिवस करतेयस."

नोंदणी कार्यालयात ही आमची तिसरी खेप होती. पहिल्यांदा डॉक्टरांचा दाखला कमी पडला. दुसऱ्यांदा दाखला होता, पण लिफ्टमध्ये शिरल्यावर बाबा मला आईच्या नावाने हाक मारायला लागले आणि अधिकारी बाई म्हणाल्या, आज नको. त्या दाखल्याची मुदत उद्या संपत होती. बाबांचं डोकं हल्ली येऊन-जाऊन असतं. जोवर त्यांना कळतंय तोवर हा कागद होईल, त्यानंतर कोर्ट, आणि कोर्ट म्हणजे दीड वर्ष धरून चाला, असं वकील म्हणाले होते. दिवसा बाबांपाशी बसणाऱ्या बाईंचा पगार त्यांच्या ठेवीतून जायचा. तिची मुदत संपली की बाबांना स्वतः बँकेत जावं लागणार होतं, आणि ती अडकली असती तर मला चष्म्याच्या दुकानातली नोकरी सोडून घरी बसावं लागलं असतं. मी बावन्न वर्षांची आहे. मला पुन्हा कोण नोकरी देणार होतं?

आणखी एक गोष्ट होती. ती मी वकिलांना सांगितली नव्हती, धाकट्या भावालाही नाही. तीन वर्षं बाबांच्या चेकवर सह्या मीच करत होते.

बाबा बँकेत सह्या तपासायचे. चौतीस वर्षं तेच टेबल. सगळे त्यांना 'भिंग' म्हणायचे. चेक हातात आला की ते आधी तो उलटा धरत. "सरळ धरलं की आपण नाव वाचतो," ते सांगायचे, "उलटं धरलं की हात दिसतो." मी लहान असताना रविवारी आमचा एक खेळ चालायचा. कागदावर पाच सह्या, चार त्यांच्या आणि एक मी केलेली. ते कागद उलटा धरून माझ्या सहीवर बरोबर बोट ठेवायचे. मी चिडायचे. "तू सावकाश करतेस," ते म्हणायचे. "आपली सही माणूस विचार न करता करतो. सावकाश झाली की समजायचं, खोटी."

तीन वर्षांपूर्वी त्यांचा हात थरथरायला लागला आणि लागोपाठ तीन चेक परत आले. 'सही जुळत नाही.' हाच शेरा त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या चेकवर मारला होता. त्या दिवशी ते जेवले नाहीत. पुढचा चेक मी स्वयंपाकघरातल्या ओट्यावर ठेवून फटकन सही करून टाकली आणि तो वटला. मी त्यांना म्हटलं, "बघा, तुम्ही काल केलेली सही चालली." ते नुसतं "हं" म्हणाले. मग ती सवयच झाली. बँकेतून फोन आला की मी तो बाहेर जाऊन घ्यायचे, हात मात्र सराईतासारखा चालायचा. त्या हाताचाच मला कंटाळा आला होता. मुखत्यारपत्र झालं की माझ्या नावाने, माझ्या सहीने सगळं करता येणार होतं.

अधिकारी बाईंच्या खोलीत एक पंखा, दोन कपाटं आणि टेबलाला सुतळीने बांधलेला स्टेपलर होता. बाईंच्या चष्म्याची डावी दांडी सैल झाली होती. तो घसरला की त्या बोटाने वर ढकलत, आणि माझे हात ती घट्ट करायला शिवशिवत होते.

"मी विचारेन, ते सांगतील," त्या मला म्हणाल्या. "तुम्ही मध्ये बोलायचं नाही."

बाबांनी नाव बरोबर सांगितलं. वयही बरोबर.

"आज कशासाठी आलात, आजोबा?"

"हयातीच्या दाखल्याला."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "नीट आठवा. कागद कशाचा आहे?"

बाबा खिडकीकडे बघत म्हणाले, "आज गर्दी कमी आहे."

चार दिवसांची घोकंपट्टी वाया गेली होती. बाबांचा राग आला आणि राग आल्याची लाज वाटली. दोन्ही एकदमच. बाईंना आमची कीव आली असावी, पण तसं दाखवायचा त्यांच्यापाशी वेळ नव्हता. त्यांनी एक छापील अर्ज माझ्याकडे सरकवला. "पुढची तारीख मागून घ्या. खाली तुमची सही करा."

"उद्या दाखल्याची मुदत संपतेय."

"नवा आणा."

म्हणजे पुन्हा डॉक्टर, पुन्हा अर्ध्या दिवसाची रजा, पुन्हा ही लिफ्ट. मी वाद घातला नाही. पेन उचललं, सही केली आणि अर्ज परत दिला.

बाई अर्जाकडे बघतच राहिल्या. मग त्यांनी फाइलमधून बाबांचं ओळखपत्र काढलं आणि अर्जाच्या शेजारी ठेवलं. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. मी बाबांची सही केली होती. झरझर, एका दमात, अर्जदाराच्या जागी.

"चूक झाली," मी म्हणाले.

"ही चूक किती दिवसांपासून होतेय?"

काय सांगणार होते मी? तेवढ्यात बाबांनी हात पुढे केला. "बघू."

का कोण जाणे, बाईंनी अर्ज त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उलटा केला आणि खिडकीच्या उजेडात धरला. हात थरथरत होता, नजर मात्र नाही.

"खोटी आहे," ते म्हणाले. "हिची आहे. शेवटचा फराटा मी वर नेतो, ही खाली सोडते. तीन वर्षं सोडतेय."

"तुम्हाला माहीत होतं?" बोलायचं नाही हे मी विसरले.

"चौतीस वर्षं मी काय माश्या मारत होतो?"

"मग बँकेला का नाही कळवलंत?" बाईंनी विचारलं.

"कळवलं असतं तर ही तुरुंगात गेली असती. मला जेवायला कोणी वाढलं असतं?" मग ते थांबले. अर्ज सरळ करून त्यांनी टेबलावर ठेवला. "मॅडम, नोकरीत मी एकही खोटी सही पुढे जाऊ दिली नाही. या तीन वर्षांत घरात बसून दिल्या. आता पुरे. माझं हिनेच बघायचं आहे, पण स्वतःच्या सहीने. त्या कागदासाठी आलोय. कुठाय तो?"

बाईंनी चष्मा वर ढकलला आणि पेन उचललं. "कोणी जबरदस्ती केली का, आजोबा?"

"हो. हिने. चार दिवस."

"आजोबा."

"स्वखुशीने. लिहा."

त्यांनी मुखत्यारपत्र पुढे ठेवलं. बाबांनी सही केली. ती ओळीवरून घसरत पार खाली गेली. बाईंनी ती ओळखपत्राशी ताडून पाहिली आणि हळू आवाजात म्हणाल्या, "जुळत नाही. अंगठा लागेल."

बाबा शाईच्या पॅडकडे बघत राहिले. मी त्यांचा हात धरायला पुढे झाले, तर त्यांनी मला बाजूला सारलं आणि स्वतःच अंगठा टेकवला. मला रडू आलं. लपवायचं त्राण नव्हतं, म्हणून तशीच रडले. बाईंनी तारखेच्या अर्जाचे चार तुकडे केले आणि टोपलीत टाकले.

"आता तुम्ही. इथे," त्या म्हणाल्या. "तुमची."

मी पेन टेकवलं आणि अडले. पहिलं अक्षर आठवून काढलं, मग दुसरं, मग खालची रेघ. एवढीशी सही करायला मला किती वेळ लागला.

बाबांनी कागद ओढून घेतला. कडेला निळा अंगठा उमटला. त्यांनी तो उलटा धरला.

"ही खोटी वाटते," ते म्हणाले. "सावकाश झालीय."

"माझीच आहे, बाबा."

"मग सवय कर."