अर्धी पावती

भिंतीवरच्या रंगीत चित्रात सल्लागाराने हातमागाच्या जागी कॉफीचं दुकान काढलं होतं.

“लोक आधी बसतील, मग बघतील,” तो म्हणाला. संग्रहालयात तो आज दुसऱ्यांदा आला होता. पहिल्यांदा पत्ता चुकून. उंटावरचा शहाणा म्हणतात तो हाच, फक्त याला वर उंटाचं भाडंही मिळतं, असं नोंदवाल्या बाईंच्या मनात आलं.

बाई सव्वीस वर्षं इथल्या वस्तूंची नोंदवही लिहीत होत्या, दर अकरा महिन्यांनी नव्या नेमणुकीवर. मार्चनंतर नगरपालिका पैसे देणार नव्हती. म्हणून सात जणांचा ट्रस्ट निघत होता. जो भरघोस रक्कम देईल त्याला खुर्ची. सातांपैकी चौघांनी वरचा मजलाही पाहिला नव्हता. आयत्या बिळात शिरणारा नागोबासुद्धा आधी बीळ बघून घेतो.

बैठकीत ट्रस्टच्या वकिलांनी विचारलं, वस्तू कुणाच्या मालकीच्या? आपल्याच की, असं होणारे अध्यक्ष म्हणाले. त्यांचा सिमेंटचा व्यापार होता, त्यामुळे जे जे उभं दिसेल ते त्यांना आपलंच वाटे. बाईंनी नाही म्हणून सांगितलं. संग्रहालय सुरू करणाऱ्या मास्तरांना कुणी कायमचं काही देईना, तेव्हा त्यांनी वस्तू ठेव म्हणून घेतल्या. पावती हाताने मधोमध फाडायची, अर्धी नोंदवहीत चिकटवायची, अर्धी घरी द्यायची. ती अर्धी घेऊन जो येईल आणि ज्याची कडा जुळेल, त्याला वस्तू परत. अकराशेपैकी नऊशे वस्तू अशा होत्या.

अध्यक्षांच्या जिभेवर एकदम साखर आली. “नवी वही लिहून काढा ना बाई. सगळं देणगी म्हणून. तुमचं अक्षर छान आहे. एक तारखेपासून तुम्हाला कायम करून टाकतो.”

कायम. हा शब्द ऐकायला बाईंनी अर्धा जन्म घालवला होता आणि तो ऐकवला कुणी, तर या माणसाने. तरी जीव खालीवर झालाच. घरी नवरा गुडघे धरून बसला होता, पेन्शनचा पत्ता नव्हता. त्यांनी नाही म्हटलं नाही. वहीतलं एक पान काढून अध्यक्षांपुढे ठेवलं. रॉकेलचं माप, ठेवणारे, अध्यक्षांचे वडील. गल्लोगल्ली हातगाडीवर रॉकेल विकायचे ते. खाली त्यांची कापरी सही होती.

“इथून सुरुवात करते,” बाई म्हणाल्या. “तुम्ही सांगा, काय लिहू?”

बापाची सही बघून माणूस थांबेल, असं त्यांना खरंच वाटलं होतं. अध्यक्षांनी शेजारचे वाचत नाहीत ना, एवढं पाहिलं. मग स्वतःच पेन घेतलं, ‘ठेव’ खोडलं आणि वर ‘देणगी’ लिहिलं.

“झालं. आता पुढचं तुम्ही करा.”

“मला नाही जमायचं,” बाई म्हणाल्या.

मग तुमची नेमणूक या महिन्याअखेर संपतेय, असं अध्यक्षांनी तिथल्या तिथे सांगून टाकलं.

उरलेल्या दिवसांत बाईंनी वहीतल्या पत्त्यांवर पत्रं धाडली : आपली ठेव घेऊन जावी. निम्मी परत आली. दोघांनी फोन करून वस्तूला बाजारात किती येतील ते विचारलं, एकाने तर घरपोच द्या म्हणून फर्मावलं. यांच्यासाठी आपण आपल्याच पोटावर पाय दिला, या विचाराने बाईंना स्वतःचाच राग आला.

नवव्या दिवशी एक वयस्कर बाई आली. शिवणकाम करणारी, अध्यक्षांची धाकटी बहीण. चष्म्याच्या डबीतून तिने अर्धी पावती काढली. कडा बरोबर जुळली.

“दादा काय म्हणाला?” तिने विचारलं.

“वडिलांची आठवण काढली त्यांनी,” बाई म्हणाल्या. “बराच वेळ पान बघत होते.”

बहिणीने वहीतल्या खाडाखोडीवर बोट ठेवलं. “हे त्याचंच अक्षर,” ती म्हणाली. “तुम्हाला खोटं बोलायची सवय नाही, बाई.”

बाईंना तिच्याकडे बघवेना. त्यांनी कपाट उघडून माप आणून दिलं. बहिणीने ते पिशवीत कपडे मापायच्या टेपखाली नीट आडवं ठेवलं, आणि भावाच्या अक्षराखाली लिहिलं : परत मिळालं. बाईंनी वही आपल्याकडे ओढून तारीख घातली.