सुटलेला ताबा

तिने बंद पडलेल्या सर्व्हरच्या दोन्ही वीजतारा उपटल्या आणि पुन्हा एकदा वाकून पाहिलं. कुठलाही दिवा लागलेला नव्हता. रुग्णालयाचे सर्व्हर सांभाळायचं काम तिचं होतं.

तिथले सगळे अहवाल आणि तपासण्यांचे फोटो एकाच ठिकाणच्या डिस्कांवर होते आणि त्या डिस्का दोन सर्व्हर मिळून वापरत. एक बंद पडला तर दुसऱ्याने काम उचलायचं. पण बंद पडलेल्याने जाताना डिस्कवरचा ताबा सोडला नव्हता, म्हणून दुसरा अडून राहिला होता. ताबा जबरदस्तीने काढायचा, तर पहिला खरोखर बंद आहे याची खात्री हवी. दोघे एकदम लिहू लागले की अहवालांचा पार विचका.

खाली शस्त्रक्रियेसाठी आत नेलेल्या एका बाईंना परत खोलीत आणलं होतं. डॉक्टरांना त्यांच्या मेंदूचे फोटो दिसत नव्हते.

मागे देखभालीचे काका उभे होते. सकाळी त्यांनी सर्व्हरवरची धूळ पुसली आणि अर्ध्या तासात तो बंद पडला. आपलाच हात लागला असणार, असं ते तेव्हापासून म्हणत होते. वरिष्ठांनाही त्यांनी तसंच सांगून टाकलं होतं, आणि ती शेजारी गप्प उभी होती.

आतला पंखा अडकतोय, अशी सूचना तीन आठवड्यांपूर्वीच तिला आली होती. पुढच्या आठवड्यात बघू म्हणून तिने ती बाजूला सारली. रोज यायला लागल्यावर ती सूचनाच बंद करून टाकली.

तिने ताबा काढण्याची आज्ञा दिली. मिनिटभराने एकेक डिस्क दुसऱ्या सर्व्हरवर दिसू लागली. खालून फोन आला की फोटो उघडले, बाईंना पुन्हा आत घेतोय.

काका खुर्चीत बसले.

"काका, तुमचा हात नव्हता लागला," ती म्हणाली. "पंखा बंद पडून तो तापला. मला आधीच कळलं होतं."

काका खुर्चीतच तिच्याकडे वळले.

"सकाळीच बोलली असतीस तर..."

त्यांनी घरी फोन लावला. माझ्या हातून नाही झालं, असं त्यांनी बायकोला सांगितलं. मग कुणाच्या हातून, असं बायकोने पलीकडून विचारलं असावं. काकांनी खिडकीकडे तोंड वळवलं.

"कुणाच्याच नाही गं. मशीनच जुनं होतं."

सर्व्हर येऊन जेमतेम दीड वर्ष झालं होतं. जिन्यावरून तो वर चढवणाऱ्यांत काका स्वतः होते.

ती उठली आणि वरिष्ठांच्या खोलीकडे निघाली.