हाडांच्या डब्यातला घास

मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर नाक मुरडायला नको. मी हाडं टाकायचा डबा आहे. तळलेलं कोरियन चिकन मिळतं अशा एका छोट्या हॉटेलात, भिंतीकडच्या सात नंबरच्या टेबलावर मी बसतो. अंगाने स्टीलचा, कमरेत जरासा चेपलेला, डोक्यावर टोपीसारखं झाकण. पोटावर लाल रंगात, बोटभर उंचीच्या अक्षरांत एकच शब्द आहे: 'हाडं'. ही अक्षरं पूर्वी नव्हती. ती का आली हे सांगायचं म्हणजे माझी लाज तुमच्यापुढे उघडी करावी लागणार. पण झाकण लावून तरी किती दिवस बसू?

माझा जन्म कारखान्यातला. दाबयंत्राने गाल ओढले, तळ बसवला, चाकावर धरून असं चकचकीत केलं की एकाच्या पोटात दुसऱ्याचं तोंड दिसावं. आम्ही बारा भावंडं भांड्यांच्या दुकानात एका फळीवर बसायचो आणि दिवसभर एकच गोष्ट बोलायचो. मी पिठाचा होणार. मी साखरेचा. मी दप्तरात बसून शाळेत जाणार. चौघं गेलीही तशीच, कुणा कुणाच्या पिशवीत बसून, आनंदाने खडखडत. मग एक दिवस घाईघाईने एक बाई आल्या. उरलेल्या आठांना त्यांनी एका नजरेत उचललं.

"झाकण घट्ट बसतं ना? वास बाहेर यायला नको," त्या दुकानदाराला म्हणाल्या.

तेव्हाच मला कळायला हवं होतं.

त्या आमच्या मालकीणबाई. त्यांच्या हॉटेलात चिकन दोनदा तळतात. एकदा तळून बाहेर काढायचं, निवांत बसू द्यायचं, मग पुन्हा उकळत्या तेलात सोडायचं. "पहिल्या तळणात ते शिजतं, दुसऱ्यात ते बोलतं," असं आमचे तळणारे काका म्हणतात. आणि खरंच, बशीत पडताना ते कुरकुर बोलत असतं. कुणाला नुसतं कोरडं आवडतं, कुणाला लाल, गोड-तिखट, चिकट रस्सा फासलेलं, वर तीळ भुरभुरलेलं. सोबत आंबवलेल्या मुळ्याच्या पांढऱ्या फोडी. खाणारे प्लॅस्टिकचे हातमोजे चढवतात आणि हसत, हाशहुश करत खातात.

आणि मी? बशीत असेपर्यंत ती तंगडी. माझ्यात आली की हाड. सगळ्यांचं खाऊन झालेलं ते माझं. कुरतडलेलं, चोखलेलं, थुंकलेलं. मालकीणबाईंनी माझ्या पोटावर एक चिठ्ठी चिकटवली होती, 'हाडं इथे टाका'. ती चिठ्ठी मला कपाळावरच्या डागासारखी वाटायची. नवीन गिऱ्हाईक बसलं की मी आपला मनातल्या मनात भिंतीकडे तोंड करून बसायचो.

एकच सुख होतं. मागच्या मोरीत भांडी घासणाऱ्या मावशी. त्या माझ्यातली घाण काढताना कधी चेहरा वाकडा करायच्या नाहीत. गरम पाणी, मूठभर पावडर, आणि तोंडात काहीतरी गाणं.

घासू घासू गं डब्याला, माझं तोंड त्यात दिसे,
माझ्या तोंडाआडून बाई, माझी आईच गं हसे.

रोजच्या त्या गरम पाण्याने माझ्या चिठ्ठीचा एक कोपरा सुटला. मग दुसरा. डब्याला हात नसतात, पण मनाने मी ती चिठ्ठी ढकलत होतो, हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. एके सकाळी ती मोरीत वाहून गेली.

"बाई, सात नंबरची चिठ्ठी निघाली हो," मावशींनी ओरडून सांगितलं.

"उद्या लावते," मालकीणबाई म्हणाल्या. त्या फोनवर बोलायच्या घाईत होत्या.

तो उद्या काही उगवला नाही. आणि मी, मित्रांनो, इतका खूश होतो! कोरा, लख्ख, बिननावाचा. कुणी पाहिलं तर म्हणावं, हा नक्कीच कुठल्यातरी चांगल्या घरचा डबा.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी, भर दुपारी, माझ्या टेबलावर चौघं आली. समोरच्या चौकात चष्म्यांचं दुकान आहे, तिथली माणसं. एक चष्म्यांच्या काड्या बसवणारा, त्याला सगळे 'स्क्रू' म्हणत. एक काउंटरवरची ज्येष्ठ ताई. एक मुलगी, दुकानात लागून तिला जेमतेम दोन महिने झाले असतील, अजून प्रत्येक वाक्याआधी ताईकडे बघणारी. आणि चौथी त्या मुलीची आई. ती शिवणकाम करायची. सुईत दोरा जाईना म्हणून लेकीने तिला इथं बोलावून नवा चष्मा करून दिला होता. दुपारच्या बसने ती परत जाणार होती. घरी मुलीचे बाबा होते, त्यांचं कुलपं दुरुस्तीचं दुकान. ते काही दुकान सोडून आले नव्हते.

आईला भिंतीकडे, माझ्या शेजारी बसवलं. तिने नव्या चष्म्यातून सगळं हॉटेल एकदा वरपासून खालपर्यंत पाहून घेतलं.

"अगं, ती माशी बघ, पंख मोजता येतायत मला!"

"आई, हळू बोल."

हातमोजे आले. आईने ते फुंकर मारून फुगवले. "इथं जेवायचंय की कुणाचं ऑपरेशन करायचंय?"

स्क्रू खो खो हसला. ताईही हसली. मुलगी मात्र टेबलाखालून आईच्या पायाला पाय लावत होती.

"आणि टेबलावरचं हे बटण दाबलं की माणूस येतो? असं एक घरी बसवून घेऊ. तुझे बाबा दहा हाका मारल्याशिवाय जेवायला येत नाहीत."

"काकू, बसवून देतो की," स्क्रू म्हणाला. "हाक ऐकू न येण्यावर मात्र आमच्याकडे चष्मा नाही."

मोठी बशी आली. अर्धी लाल, अर्धी कोरडी. पहिल्या घासाला आईने डोळे मिटले. "काय कुरकुरीत आहे गं! तुझे बाबा असते तर हाडंसुद्धा फोडून खाल्ली असती." मग ती खात राहिली, आणि बोलत राहिली. लोक तिच्यावर खूश होते. पण त्या मुलीचे कान लाल झाले होते, आईच्या प्रत्येक शब्दागणिक आणखी लाल.

मी आईच्या कोपराशी, झाकण लावून. माझ्याकडे बाकी कुणाचा हात पोचत नव्हता, म्हणून त्या तिघांनी हाडं आपापल्या बशीच्या कडेला ढकलली होती, आणि त्यांचं बघून आईनेही. आईने पुन्हा पुन्हा माझ्याकडे पाहिलं. झाकण उघडून आत डोकावली. आत मी आरशासारखा होतो, मावशींच्या हातचा. तिचा चेहरा माझ्या तळाशी दिसला, आणि तो हसला.

"किती शहाणी माणसं," ती स्वतःशीच पुटपुटली. "घरी न्यायला डबा आधीच आणून ठेवतात."

शेवटी मोठ्या बशीत एकच तंगडी उरली. जाडजूड, रसरशीत, तिळाने भरलेली. "तू घे", "नको, तू घे" असं चाललं होतं.

"कुणी घेत नसेल तर मी घेते," आई म्हणाली.

मुलीने खाली मान घातली. आईने कागदी रुमाल उलगडला, त्यात तंगडी ठेवली, शिवणाऱ्या बाईच्या सवयीने चारही टोकं एकसारखी दुमडली. माझं झाकण काढलं, ती पुडी माझ्या तळाशी अलगद ठेवली आणि झाकण तळहाताने दाबून बसवलं.

मित्रांनो, त्या क्षणाचं काय सांगू? माझ्या जन्मात पहिल्यांदा कुणी माझ्यात काही *ठेवलं* होतं. टाकलं नव्हतं. पुडीची ऊब माझ्या तळातून अंगभर चढली. मी पिठाचा झालो, साखरेचा झालो, दप्तरातला झालो. मला ठाऊक होतं की पुढे काय होणार. एरवी पहिलं हाड पडलं की मी टण्णकन वाजतो. त्या दिवशी मी वाजलो नाही. पुडी मऊ होती म्हणून, असं म्हणता येईल. पण मला वाजायचंच नव्हतं.

"आटपू या, दुकान उघडायचंय," ताई म्हणाली. स्क्रूने सगळ्या बशा एकत्र केल्या, आईच्या पुढून हात लांबवून माझं झाकण उचललं आणि सगळी हाडं, कूर्चा, मुळ्याच्या उरलेल्या फोडी, रस्सा, सगळं भसकन माझ्यात ओतलं.

"अरे अरे अरे! बाबांची तंगडी!"

आई उठून उभीच राहिली. हातमोज्यांतले दोन्ही हात माझ्यावर, ओंजळीसारखे.

"काकू," स्क्रू म्हणाला, "हा हाडांचा डबा आहे."

मग त्याच्या तोंडून निघालं, "काकू, नंबर चुकला वाटतं चष्म्याचा!" तो वाईट मनाचा नव्हता. त्याला फक्त विनोद आवरत नसे. ताईने ओठ दाबले. आणि सगळ्यांत आधी, सगळ्यांत मोठ्याने कोण हसलं असेल?

लेक हसली.

"आमची आई म्हणजे ना!" ती ताईकडे बघत म्हणाली. "हिला जिथं तिथं डबाच दिसतो. लग्नाला जाऊ दे, बारशाला जाऊ दे, हिचं आपलं घरी काय नेऊ, घरी काय नेऊ!"

मग सगळेच हसले. आईसुद्धा हसली. तिचं हसू बघायला मी तिथं नसतो तर फार बरं झालं असतं.

"दुसरी मागवू या ना, पार्सल," ताई बटणाकडे हात नेत म्हणाली. ती मनापासून म्हणाली.

"नको नको," आई घाईने म्हणाली. "त्यांना कुठं चावतंय आता. दातच धड नाहीत त्यांचे."

हाडं फोडणाऱ्या माणसाचे दात तिने एका वाक्यात पाडून टाकले. मग हातमोज्याचं एकेक बोट सोडवलं, दोन्ही मोजे घडी करून बशीखाली ठेवले, आणि हात मांडीवर घेऊन बसली. त्यानंतर ती मोठ्याने काही बोलली नाही. मुलीला हवी होती तशी, अगदी हळू.

स्क्रू आणि ताई दुकानाकडे गेले. आई बाहेर जाऊन थांबली. मुलगी हात धुवायला मागच्या बेसिनपाशी आली. बेसिनच्या पलीकडेच मावशींची मोरी. मी नुकताच तिथं पोचलो होतो. मावशींनी मला उलटं केलं, आणि हाडांच्या ढिगावर ती पुडी पडली. रश्शाने लाल झालेली, पण घडी न मोडलेली.

"हे गं काय? कुणी इतकं निगुतीनं बांधून टाकलं?"

मुलीने नळ बंद केला. पुडीकडे बघत राहिली.

"मावशी, धुतलं तर चालेल का हे?"

"पोरी, चिकन धुऊन देतात का कुणाला? काकांना सांग, नवीन तळून देतील."

"दोनदा तळायचं म्हणजे वीस-पंचवीस मिनिटं. आईची बस दहा मिनिटांत आहे." मग एकदम म्हणाली, "ती माझ्यासाठी असंच आणायची, मावशी. मी लहान होते तेव्हा. कुठं शिवलेले कपडे द्यायला गेली, कुणी खायला दिलं, की स्वतः अर्धं खायची आणि अर्धं डब्यात. 'मागं राहिलेल्याचा घास' म्हणायची. मी दारात उभी असायचे. तिच्या हातातून डबा ओढून घ्यायचे." तिने ओला हात तोंडावर धरला. "मला माहीत होतं ती काय करतेय. झाकण लावलं तेव्हाच कळलं होतं मला. सांगायची लाज वाटली. आणि मग हसले."

मावशी मला घासायच्या थांबल्या.

"हे मला सांगून काय उपयोग? ती उभी आहे ना बाहेर. जा, तिला सांग."

मुलगी धावली. मावशींनी मला धुऊन खिडकीच्या कठड्यावर ठेवलं, तिथून बसथांबा दिसतो. आई पिशवी दोन्ही हातांत धरून उभी होती. मुलगी शेजारी जाऊन उभी राहिली. आईने तिचा हात ओढून नाकाशी नेला, वास घेतला आणि काहीतरी म्हणाली, बहुतेक गमतीचं. मुलगी हसली नाही. तिचं तोंड दोनदा उघडलं, दोनदा मिटलं. तिसऱ्यांदा उघडेपर्यंत बस आली.

आई चढली, खिडकीशी बसली. बसची काच बंद होती. तेव्हा मुलगी बोलायला लागली. भराभर, हातवारे करत, रडत. बस हलली. आईने नव्या चष्म्यातून लेकीचं रडणं अगदी लख्ख पाहिलं असणार, पण ऐकू काही गेलं नाही. तिने कानाला हात लावून विचारलं, काय? काय म्हणतेस?

आणि बस वळली.

मावशींनी मालकीणबाईंना त्याच दिवशी खडसावलं, आणि माझ्या पोटावर लाल रंग चढला. मी तो अंग न चोरता लावून घेतला. माझं नाव मला लपवायचं होतं, म्हणून एका बाईने प्रेमाने बांधलेला घास माझ्यात नासला. त्या मुलीलाही काहीतरी लपवायचं होतं. आम्ही दोघं सारखेच गुन्हेगार, फरक एवढाच की मी डबा आहे. मला बसच्या मागे धावता येत नाही. तिला येतं. पुढच्या बसने ती गेली की नाही, मला कळलेलं नाही. चष्म्याच्या दुकानातले लोक जेवायला येतात, पण ती मुलगी सात नंबरला बसत नाही.

म्हणून तुम्हाला विनवतो, मित्रांनो. तुमच्या घरी कुणी डबा उघडून "हे तुझ्यासाठी" म्हणालं असेल, तर चारचौघांत त्या माणसाची बाजू घ्या. नाही घेता आली, हसू आलंच, तर तेही कबूल करा. पण काच लागायच्या आत. त्यांना ऐकू जाईल, तोवर.