एक लाख तीन

"त्या किसन महाराजाशी वाद घालू नकोस गं. तो तुझीच काठी तुझ्या पाठीत घालेल," खालच्या मजल्यावरच्या मालतीबाईंनी बजावलं होतं. गौरीने ते कानाआड केलं. गणितात बी.एस्सी. झालेल्या बाईने असल्या माणसाला भ्यायचं?

त्या सकाळी तान्ह्या लेकीला कडेवर घेऊन ती शेजारच्या रंजनाकडे गेली आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. रंजनाचा सहा वर्षांचा हेमराज खाटेवर पडलेला, डोळे हळदीसारखे पिवळे. आणि घरातली झाडून सगळी माणसं किसन महाराजाच्या गादीसमोर जपमाळ ओढत बसलेली!

"दवाखान्यात नेलं का याला?"

"मना पोऱ्याले सुई नको म्हणतात महाराज," रंजना पुटपुटली. "आधी जप पुरा होऊ दे, ताई. एक लाख एक."

गादीवरून महाराज हसले. "वर एक टाकला की आकडा फुटत नाही, बेन. म्हणून तर आहेरातसुद्धा वर एक ठेवतात. न फुटणारा आकडा पोराभोवती बांधला की रोग शिरत नाही."

"फुटत नाही? अकराने फुटतो!" गौरीने हेमराजची पाटी ओढली. "एक अंक सोडून एक घ्या, बेरीज करा. राहिलेल्यांची वेगळी करा. इकडे एक, तिकडेही एक. दोन्ही सारख्या, म्हणजे अकराने भाग जाणारच. नऊ हजार एक्क्याण्णव गुणिले अकरा. करा गुणाकार!"

रंजनाच्या नवऱ्याने, निंबाने, गुणाकार केला. उत्तर आलं. माळा थांबल्या.

"मग न फुटणारा कोणता?" महाराजांनी लोण्यासारख्या आवाजात विचारलं.

संतापलेल्या जिभेला लगाम कुठला! "एक लाख तीन! लाखानंतरची पहिली मूळ संख्या. एक आणि ती स्वतः, बाकी कुणी तिला भागत नाही. कॉलेजात आम्ही एकेका संख्येने भागून पाहिलंय. पण तिने कावीळ बरी होत नाही हो!"

शेवटचं वाक्य कुणी ऐकलंच नाही.

"शिकलेल्या बेननी स्वतः तपासलाय," महाराज म्हणाले. "झालेला जप वाया. पहिल्यापासून धरा."

गौरी खाटेकडे धावली, तर निंबा मधे उभा. "ताई, आकडा तुम्हीच दिला ना? मग आता आडव्या का येता?"

दुपारी तिने नवऱ्याला बँकेतून बोलावून रिक्षा आणली, तोवर दाराला कुलूप. महाराजांनी सगळ्यांना शहराबाहेर कामरेजला, आपल्या खोलीवर हलवलं होतं. चौकीतल्या हवालदाराने "आई-बाप सोबत आहेत ना?" म्हणत हात झटकले. कामरेजला दोन खेपा झाल्या, खोली काही सापडली नाही. गौरी अजून धुमसते आहे, त्या महाराजावर आणि स्वतःच्या जिभेवरही. भेटेल त्याला एकच सांगते, तुम्हालाही सांगते:

"कामरेजला तुमचं कुणी असेल तर आजच धाडा. हेमराज नाव, डोळे पिवळे. आधी उचलून दवाखान्यात न्या. आई-बापाशी काय भांडायचं ते मागून भांडा."